न निघालेला काटा



स्मृतिव्याख्यानात माणसाच्या कर्तृत्वाबद्दल बोलण्याची आपली रीत आहे. संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि मी दुबळेपणा हा विषय घेतला. ख्रिस्ती माणूस म्हणून मी ज्या श्रद्धेत वाढलो, तिच्या मध्यभागी हा विषय आहे. त्याबद्दल आमच्या मंडळ्यांमधून पुष्कळ बोललं जातं, पण बरंचसं घाईने बोललं जातं.

सुरुवात करिंथपासून करावी लागते. ग्रीसमधलं हे शहर रोमनांनी एकदा पार उद्ध्वस्त केलं होतं. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी 44 साली ते पुन्हा वसवलं. दोन्ही अंगांना दोन बंदरं, त्यामुळे पैसा झपाट्याने आला. नव्याने श्रीमंत झालेल्या शहरात माणसाची किंमत त्याच्या रुबाबावर आणि बोलण्याच्या झोकावर ठरते, तशी ती तिथेही ठरत होती. वक्ते फी घेऊन भाषणं देत आणि त्यांचे चाहते आपापसांत भांडत. अशा गावात पौल नावाचा एक तंबू शिवणारा यहुदी येशूची गोष्ट सांगत आला, त्याने मंडळी उभी केली आणि तो पुढे गेला. मागाहून आणखी उपदेशक आले. ते बोलायला पटाईत होते, शिफारसपत्रं दाखवत होते. मग करिंथच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली, की हा पौल पत्रं मोठी जोरकस लिहितो, पण समोर उभा राहिला की माणूस किरकोळ वाटतो आणि बोलणं तर काहीच नाही.

या कुजबुजीला पौलाने इसवी सन 55-56च्या सुमारास जे उत्तर धाडलं, ते करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. एखाद्याने आपली विद्वत्ता मांडली असती, चमत्कार मोजले असते. पौल आपल्या फजितीची यादी देतो. फटके किती वेळा खाल्ले, जहाज किती वेळा फुटलं, भुकेने किती रात्री काढल्या. यादीच्या शेवटी तो सांगतो की दिमिष्क (दमास्कस) शहरातून आपण कसे निसटलो: तटाच्या खिडकीतून, पाटीत बसून, दोराने खाली सोडलेले. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सगळ्यांत आधी चढणाऱ्या शिपायाला मानाचा मुकुट मिळत असे. हा गृहस्थ आपण तटावरून खाली कसे उतरवले गेलो ते अभिमानाने सांगतो आहे.

मग काट्याची गोष्ट येते. पौलाच्या देहात काहीतरी सलत होतं. ते काय, हे तो लिहीत नाही. कुणी डोळ्यांचा आजार म्हणतं, कुणी फेपरं, कुणी तोतरेपणा. दोन हजार वर्षं तर्क चालले आहेत, आणि मला वाटतं त्याने ते लिहिलं नाही हेच बरं झालं, कारण त्यामुळे ज्याला जे सलतं ते त्या जागी ठेवता येतं. हा काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली. उत्तर आलं, पण मागितलं ते मिळालं नाही. काटा तिथेच राहणार होता. त्याच्यासह चालायला जेवढी कृपा लागेल तेवढी मिळत जाणार होती, आणि देवाचं बळ पौलाच्या ताकदीच्या जागी न दिसता नेमकं त्याच्या उणिवेच्या जागी दिसणार होतं.

आता एक गोष्ट नीट पाहू या. हे पौल स्वतःबद्दल बोलतो आहे. आमच्याकडे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगण्याला साक्ष देणं म्हणतात. कोर्टात ऐकीव साक्ष चालत नाही, तशी ती इथेही चालू नये. दुबळेपणात बळ मिळतं हे वाक्य ज्याला मिळालं त्याने म्हणायचं. निरोगी माणसाने ते आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हटलं, की त्याच वाक्याचा दगड होतो.

एका घरगुती प्रार्थनासभेत मी हे होताना पाहिलं आहे. त्या घरातला मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, बारा-तेरा वर्षांचा, आईच्या मांडीला टेकून बसलेला. प्रार्थना झाल्यावर एका पाहुण्याने त्या माउलीला सांगितलं, की देव निवडक लोकांनाच अशी मुलं देतो, तुमच्या या दुःखात मोठं सामर्थ्य दडलेलं आहे. बाईंनी मुलाच्या हनुवटीवरची लाळ पुसली, त्याचा शर्ट सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "दुपारी दोन तास कुणी याच्याजवळ बसेल का? मला बँकेत आणि रेशनच्या दुकानात जायचं असतं." पाहुणे गडबडले. सभेतल्या दोन बायकांनी मात्र लगेच दिवस वाटून घेतले. त्या संध्याकाळी पौलाच्या पत्राचा अर्थ कुणाला कळला होता, हे सांगायची गरज नाही.

हे मनात ठेवून मी तुम्हाला पंडिता रमाबाईंकडे नेतो. रमाबाईंची विद्वत्ता, शारदा सदन, मुक्ती मिशन, त्यांच्या धर्मांतरावरून पेटलेला वाद, हे सगळं महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या कानांबद्दल फार कुणी बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं. म्हातारपणी त्यांना शिकवणं झेपेना, तेव्हा रमेला आईने शिकवलं. पहाटे, घरकामाला हात लावण्याआधी, लक्ष्मीबाई लहानग्या लेकीला उठवून पाठ म्हणून घेत. आई म्हणायची, मुलगी ऐकायची आणि पुन्हा म्हणायची. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या तोंडी बसले ते असे, कानांवाटे. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे आणि पुराण सांगून पोट भरे. मग दुष्काळ पडला. वडील, आई, मोठी बहीण एकापाठोपाठ गेली. उरलेले भाऊ-बहीण पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला प्रश्न विचारले, तिने ऐकले, संस्कृतात उत्तरं दिली, आणि पंडिता व सरस्वती या पदव्या मिळवल्या. जमीन नाही, घर नाही, आईबाप नाहीत. कान आणि वाणी, एवढीच त्यांची इस्टेट होती.

1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. 1881च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि 1882च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि विनाउपचार मरतात, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात, असं त्यांनी त्या साक्षीत ठणकावून सांगितलं. आणि स्वतः डॉक्टर होण्यासाठी 1883 साली त्या इंग्लंडला निघाल्या.

तिथे कानांनी दगा दिला. ऐकू येणं कमी होत चाललं होतं आणि त्यामुळे वैद्यकीचं शिक्षण अशक्य ठरलं. पहाटेच्या अंधारात आईचा शब्द न् शब्द टिपणारे ते कान! वाँटेज गावच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात पोचल्यावर काही महिन्यांतच सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी जीवन संपवलं. परका देश, परकी भाषा, दोन-अडीच वर्षांची मुलगी, आणि ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते दार बंद. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

त्यावर पुण्यात काय उठलं ते मी सांगत बसत नाही. जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, एवढं नोंदवतो. मला बोलायचं आहे ते इंग्लंडमधल्या पुढच्या सुमारे अडीच वर्षांबद्दल. दुबळा माणूस श्रद्धेकडे वळला की तो वाकतो, गप्प बसतो, सांगितलं तेवढं ऐकतो, अशी समजूत आहे. आपल्याकडच्या विचारी माणसांना ख्रिस्ती दीनतेबद्दल शंका येते ती इथेच. दुबळ्याला दुबळेपणातच समाधान मानायला लावणारी ही शिकवण आहे काय? शंका रास्त आहे. आमच्या धर्माचा असा वापर झालेला आहे, आणि तो करणारे बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेले होते.

पण रमाबाईंचा वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचा. ती पत्रं छापलेली आहेत. बाप्तिस्मा घेतलेली, मठाच्या अन्नावर राहणारी, ऐकायला कमी येणारी ही हिंदुस्थानी विधवा एकेका सिद्धांतावर वाद घालते. पटलं नाही ते मानत नाही. शाकाहार सोडत नाही. चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी मुलग्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली की बाईने पुरुषांना शिकवणं तिकडच्या लोकांना रुचणार नाही. त्यावर रमाबाईंनी लेखी निषेध केला. जेराल्डीनबाईंना हा गर्व वाटला. मला वाटतं, पौलाच्या खऱ्या वारसदार रमाबाईच होत्या. देवापुढे रिकामे हात पसरणारा माणूस बिशपापुढे ताठ उभा राहू शकतो. आपली लाज झाकायची धडपड संपली, की दुसऱ्याच्या मोठेपणाचा धाकही संपतो. दुबळेपणातून येणारं बळ मला सगळ्यांत आधी इथे दिसतं.

बाप्तिस्मा झाला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र पुढे कित्येक वर्षांनी भेटला, असं रमाबाईंनी नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. हिंदुस्थानात परतून 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडल्यानंतरची ही भेट. आमच्यातले काही उपदेशक एका रात्रीत सगळं पालटल्याची वर्णनं करतात. रमाबाईंच्या बाबतीत तसं झालं नाही. बहिरेपण वाढतच गेलं. विश्वास आला आणि ऐकू येऊ लागलं, असं त्यांच्या चरित्रात कुठेही नाही.

आहे ते वेगळंच आहे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याच्या कडेला, सरकारी मदतकेंद्रांच्या आसपास उपाशी मुली होत्या, आणि त्यांना गोळा करणारे दलालही होते. वीस वर्षांपूर्वी अशाच रस्त्यांवरून त्या स्वतः उपाशी चालल्या होत्या. कोणती मुलगी कशाच्या कडेला उभी आहे हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी शेकडो मुली पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती मिशनमधली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग घातले, छापखाना काढला. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था केली. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि त्या मुली बोटांनी वाचू लागल्या. ज्या काळात आंधळ्या अनाथ मुलीचं भवितव्य म्हणजे देवळाच्या पायरीवरचा कटोरा, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आणि दुसरीकडे, कान जवळजवळ मिटल्यावर, बाईंनी आणखी दोन भाषा हाती घेतल्या: हिब्रू आणि ग्रीक. बायबलचं सोप्या मराठीत, शेतावरच्या बाईला कळेल असं भाषांतर त्यांना एकटीने करायचं होतं. शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्या यात होत्या. एकेकाळी सगळी विद्या कानाने मिळवलेली ही बाई आता ओळ न् ओळ डोळ्यांनी चाळत होती, आणि तिच्या छापखान्यात मुक्तीच्या मुली खिळे जुळवत होत्या. 1921च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिशीत, आईच्या आधी. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ते पूर्ण करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात छापून निघाला.

कान शाबूत राहिले असते तर? डॉक्टर रमाबाई मेधावी झाल्या असत्या, पुष्कळ बायकांचे जीव वाचवले असते. तेही मोठं काम झालं असतं. बहिरेपण आलं ते चांगलंच झालं, असं मी म्हणणार नाही. देवाने मुद्दाम बहिरं केलं, असं तर मुळीच नाही. मी एवढंच म्हणतो की जे तुटलं ते तुटलेलंच राहिलं आणि त्याच्यासकट एक आयुष्य उभं राहिलं. त्यामागे काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं असतं. साक्षीदार आपलं म्हणणं स्वच्छ सांगत असेल, तर ते आपल्या सोयीने बदलून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काट्याबद्दलच आणखी एक, वेल्लोरची गोष्ट सांगतो. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 साली पॉल ब्रँड नावाचे सर्जन आले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती रोगाने सडून, असा तेव्हाचा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो, संवेदना जाते, आणि मग माणूस नकळत स्वतःच आपला हात नासवतो. त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना, तेव्हा एक कुष्ठरोगी मुलगा पुढे झाला आणि त्याने ती एका झटक्यात फिरवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापलं होतं, आणि मुलाला पत्ता नव्हता. मोठ्या माणसाला जमलं नाही ते त्या पोराला जमलं, कारण त्याला दुखत नव्हतं. ज्याला काहीच सलत नाही त्याच्या ताकदीचं काय होतं, ते त्या बोटावर दिसतं. आपण फुगून जाऊ नये म्हणून हा काटा आहे, असं पौल म्हणतो. त्याचा अर्थ मला त्या कुलपापाशी लागला.

याच वेल्लोरमध्ये मेरी वर्गीस या तरुण डॉक्टर होत्या. मूळच्या कोचीनच्या, जन्म 1925 सालचा. 1954 साली सहलीला जाताना गाडीला अपघात झाला. चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या आणि मज्जारज्जू दुखावून कमरेखालचं शरीर निकामी झालं. पुन्हा चालता यावं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी प्रार्थना केल्या. चालता आलं नाही. तेव्हा ब्रँड यांनी सुचवलं की हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, आणि कुष्ठरोग्यांच्या वळलेल्या बोटांसाठी ती करणारे हात हवे आहेत.

ही शस्त्रक्रिया काय असते ते थोडक्यात सांगतो. नस मेल्यामुळे बोटं आत वळतात आणि पंजा होतो. ती बोटं सरळ करणारे स्नायू कायमचे गेलेले असतात, ते परत येत नाहीत. सर्जन काय करतो, तर चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या स्नायूची कंडरा सोडवून, त्वचेखालून ओढून बोटांना जोडतो. टाके निघाल्यावर रुग्णाला नव्याने शिकावं लागतं. पूर्वी एका कामाचा असलेला स्नायू आता दुसरं काम करणार असतो, आणि ते मेंदूला पटवायला दिवसच्या दिवस सराव लागतो. एक दिवस माणूस घास उचलतो.

चाकाच्या खुर्चीत बसून मेरी वर्गीस यांनी असे हात दुरुस्त केले. टेबलावर पडलेल्या माणसाला दिसत होतं की आपला हात धरणारी डॉक्टर स्वतः उठून उभी राहू शकत नाही. पुढे त्या न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परतून वेल्लोरला त्या विषयाचा विभाग उभा केला. पाठीचा कणा मोडलेली माणसं तोवर घराच्या एका कोपऱ्यात, पाठीला जखमा होऊन मरायची वाट पाहत. त्यांना बसायला, स्वतःचं स्वतः करायला, कमवायला शिकवणारी जागा या देशात तयार झाली. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1986 साली त्या गेल्या. पाय शेवटपर्यंत हलले नाहीत.

चमत्कार झाल्याच्या कथा आमच्या सभांमधून खूप सांगितल्या जातात. देव बरं करतो यावर माझाही विश्वास आहे. पण ज्यांना बरं केलं गेलं नाही त्यांनाच मंडळीत खाली मान घालून बसावं लागतं, जणू त्यांचा विश्वासच कमी पडला. हे चुकीचं आहे आणि पौलाच्या पत्राशी विसंगत आहे. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोण तयार आहे? ज्या येशूच्या नावाने या सभा भरतात, त्यानेही गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे अशी विनवणी केली होती, आणि प्याला टळला नव्हता. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. थोमाने त्याला ओळखलं ते त्या वणांवरून.

म्हणून इथे बसलेल्या पाळकांना, फादरांना, सिस्टरांना आणि मंडळ्यांच्या पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या किती देवळांना नुसत्या पायऱ्या आहेत, ते घरी जाताना पाहा. तिथे उतार बांधा. त्याला फार पैसे लागत नाहीत. बहिऱ्या माणसासाठी उपदेश छापून हातात द्या, खुणांची भाषा येणारा कुणी असेल तर त्याला पुढे उभं करा. आजाऱ्याच्या घरी गेलात तर वचन सांगण्याआधी दुपार मोकळी करून जा. आणि वर्षातल्या काही रविवारी तरी, जो बरा झालेला नाही त्याला साक्ष द्यायला बोलवा, आणि तो जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्या.